पुण्यातल्या खोलीची किल्ली नेमकी कितीजणांकडे? मास्टर किल्ली म्हणजे काय, ती चालते कशी

पुणे : जून-जुलै आला की जुन्नर, आंबेगाव, इंदापूर, भोर, पुरंदर अशा सगळ्या तालुक्यांतून पोरं-पोरी पुण्यात शिकायला येतात. सोबत वडील नाहीतर मामा असतो. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ किंवा कर्वेनगरच्या बाजूला खोली बघितली जाते. मेस कुठंय, पाणी किती वेळ येतं, डिपॉझिट किती, रात्री किती वाजेपर्यंत गेट उघडं असतं, एवढं सगळं विचारून होतं. मालक किंवा वॉर्डन हातावर एक किल्ली ठेवतो. ट्रंक, गादी, पुस्तकं, लॅपटॉप आत जातात आणि वडील संध्याकाळची एसटी धरतात.

एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहूनच जातो. या कुलपाच्या एकूण किल्ल्या किती आणि त्या कोणाकोणाकडे आहेत?

गावाकडं हा प्रश्न पडत नाही, कारण घराचं कुलूप आपणच बाजारातून आणलेलं असतं. त्याच्या दोन-तीन किल्ल्या एकाच तारेत अडकवून येतात आणि एक कोनाड्यात, एक करदोट्याला अशा राहतात. शहरातल्या इमारतीत तसं नसतं. तिथं एक दार अनेक किल्ल्यांनी उघडतं आणि एक किल्ली अनेक दारं उघडते. हे जमतं कसं, त्यात फायदा कोणाचा आणि धोका कोणाला, हे पोरांना खोली घेऊन देणाऱ्यानं समजून घ्यायला हवं.

कुलपाच्या पोटात काय असतं

आपल्याकडं ओळखीचं कुलूप म्हणजे लीव्हरचं. १८९७ साली आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून अशी कुलपं घरोघर पोचली. कुलपावर ६ लीव्हर, ७ लीव्हर, ८ लीव्हर असं कोरलेलं असतं. लीव्हर म्हणजे आतल्या पातळ पितळी पट्ट्या. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी ठरावीक उंचीला उचलतो. सगळ्या पट्ट्या बरोबर उंचीला आल्या तरच आतली खिट्टी सरकते. पट्ट्या जितक्या जास्त, तितकी दुसऱ्याची किल्ली लागण्याची शक्यता कमी. अगदी स्वस्तातल्या कुलपात पट्ट्या कमी आणि दात ढोबळ असतात. म्हणून यात्रेत घेतलेलं कुलूप कधी कधी शेजाऱ्याच्या किल्लीनंही उघडतं.

फ्लॅट, होस्टेल, ऑफिस यांच्या दाराला हल्ली दुसऱ्या जातीचं कुलूप असतं. दारातच बसवलेलं, बाहेरून फक्त एक गोल पितळी तोंड दिसतं. त्याला पिनचं किंवा सिलिंडरचं कुलूप म्हणतात. ही कल्पना फार जुनी. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची अशीच कुलपं होती. त्यावरून अमेरिकेतल्या लायनस येल याने १८६० च्या दशकात आजचं छोटं, सपाट किल्लीचं कुलूप तयार केलं.

ते कळायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं उदाहरण सोपं पडेल. ट्रॅक्टरचा हुक आणि ट्रॉलीचं कान यांच्या आरपार एक लोखंडी पिन जाते. ती पिन दोन्हीत अडकलेली असते, म्हणून ट्रॉली सुटत नाही. आता समजा ती पिन मधेच कापली आणि तो काप बरोबर हुक आणि कान जिथं एकमेकांना टेकतात तिथंच आला. पिन काढायची गरजच नाही, ट्रॉली आपोआप सरकेल. काप जरा वर किंवा जरा खाली असला तर मात्र सुटणार नाही.

पिनच्या कुलपात हेच आहे. बाहेरचं लोखंड जागचं हलत नाही, त्याच्या आत एक फिरणारा गोल तुकडा असतो. दोन्हीच्या आरपार साधारण पाच-सहा बारीक पिना ओळीनं असतात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची, वरून स्प्रिंग दाबून धरते. किल्ली नसताना पिना दोन्हीत अडकलेल्या राहतात, म्हणून कुलूप फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की तिच्या खाचा प्रत्येक पिन इतकीच उचलतात की सगळ्या पिनांचा काप एका रेषेत, बरोबर कडेवर येतो. मग आतला तुकडा फिरतो आणि दार उघडतं. पाचपैकी एक जरी पिन केसभर वर-खाली राहिली तरी कुलूप अडतं.

मग दुसरी किल्ली कशी चालते?

इथंच खरी युक्ती आहे. पिनेला एकाऐवजी दोन काप द्यायचे. म्हणजे वरच्या आणि खालच्या तुकड्यामध्ये एक पातळ चकती घालायची. आता ती पिन दोन वेगवेगळ्या उंचींवर मोकळी होते. एक उंची त्या खोलीतल्या पोराच्या किल्लीची, दुसरी मास्टर किल्लीची.

समजा एका होस्टेलात ४० खोल्या आहेत. प्रत्येक कुलपात पहिला काप वेगळा, म्हणून ४० किल्ल्या वेगवेगळ्या. दुसरा काप मात्र सगळ्या ४० कुलपांत एकाच उंचीला ठेवलेला. त्या उंचीची किल्ली बनवली की ती ४० च्या ४० दारं उघडते. मास्टर किल्लीत जादू काही नाही, ती इतर किल्ल्यांसारखीच साधी दिसते. सगळी करामत कुलपात केलेली असते.

मोठ्या इमारतीत याच्या पायऱ्या असतात. लॉजमध्ये पाहुण्याकडं एका खोलीची किल्ली, साफसफाई करणाऱ्याकडं एका मजल्याची, मॅनेजरकडं सगळ्या इमारतीची. हॉस्पिटल, कॉलेज, आयटी कंपनीची इमारत, सगळीकडं थोड्याफार फरकानं हीच मांडणी. यात वाईट काही नाही. रात्री दोन वाजता तिसऱ्या मजल्यावर नळ फुटला, खोलीतलं पोरगं गावाला गेलंय, तर वॉर्डननं दार फोडायचं का? नाहीतर आजारी पोरगी आत बेशुद्ध पडली आणि हाका मारून उत्तर नाही. अशा वेळी मास्टर किल्लीमुळं जीव वाचतो.

पण या सोयीची किंमत कुलूप मोजतं. पाच पिनांचं कुलूप घ्या. प्रत्येक पिनेला दोन काप दिले, तर त्याला चालणाऱ्या किल्ल्या दोनच राहत नाहीत. पहिल्या पिनेला दोन उंच्या चालतात, दुसरीला दोन, तिसरीला दोन. गुणाकार करा : २ × २ × २ × २ × २ = ३२. म्हणजे बनवणाऱ्याला दोन किल्ल्या चालाव्यात असं वाटत होतं, पण ते कुलूप ३२ वेगवेगळ्या किल्ल्यांनी उघडू शकतं. प्रत्येक पिनेत तीन काप असले तर हाच आकडा २४३ होतो. चांगली कंपनी हिशोब करून त्या जादा किल्ल्या कोणालाच देत नाही. घाईत, स्वस्तात बसवलेल्या कामात मात्र एका खोलीची किल्ली दुसऱ्या खोलीला लागते आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी गोष्ट २००३ साली पुढं आली. अमेरिकेतला संगणक सुरक्षेचा अभ्यासक मॅट ब्लेझ याने दाखवून दिलं की अशा इमारतीतल्या एकाच खोलीची साधी किल्ली आणि ते एक कुलूप हाताशी असेल, तर सगळ्या इमारतीच्या मास्टर किल्लीचा आकार काढता येतो. कुलूप तोडावं लागत नाही. कुलूप बनवणाऱ्या जुन्या कारागिरांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती, पण ती बाहेर बोलली जात नव्हती. ब्लेझने ती छापली तेव्हा बरेच जण त्याच्यावर चिडले. चिडून काय होणार? राहणाऱ्या माणसाला आपल्या कुलपाची ताकद किती हे कळायलाच पाहिजे. त्यातून धडा साधाच निघतो. मास्टर किल्लीचं कुलूप हे सोयीचं कुलूप आहे. लाखाचा ऐवज त्याच्या भरवशावर ठेवू नये.

पेठेतल्या जुन्या खोल्यांचं वेगळंच

सगळीकडं मास्टर किल्ली असते असंही नाही. पेठांमधल्या जुन्या इमारती, वाड्यांतल्या उरलेल्या खोल्या, कॉट बेसिसवर दिलेल्या जागा, इथं साधं कडी-कोयंडा आणि लीव्हरचं कुलूप असतं. एका खोलीत चार पोरं, कुलपाला किल्ल्या तीन. त्यातली एक मालकाकडं. राहिलेल्या दोन चार जणांत फिरतात, नाहीतर एक किल्ली चौकटीवर, चपलांच्या स्टँडखाली किंवा वीजमीटरच्या पेटीत ठेवलेली. ही जागा चौघांना माहीत, त्यांच्या मित्रांना माहीत, डबेवाल्याला माहीत. लॅपटॉप गेल्यावर मग एकमेकांवर संशय सुरू होतो आणि दोस्ती तुटते.

त्यातून मागच्या वर्षी राहून गेलेली पोरं आहेतच. खोली रिकामी करताना त्यांनी किल्ली परत केली, पण त्याआधी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून डुप्लिकेट किती काढल्या होत्या हे कोण सांगणार? भाडेकरू बदलतो, कुलूप तेच राहतं. पुण्यातल्या खोल्यांच्या बाबतीत मास्टर किल्लीपेक्षा हा धोका मोठा आहे.

त्याला उपायही स्वस्त आहे. कडी-कोयंड्याचं दार असेल तर कुलूप आपलं आणायचं. रविवार पेठेत बोहरी आळीत कुलपांची रांगेनं दुकानं आहेत, गावाकडं तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही तीच कुलपं मिळतात. चार पोरं असतील तर घेतानाच किल्ल्या मोजून चार करायच्या, पाचवी मालकाला द्यायची की नाही ते त्याच्याशी बोलून ठरवायचं. दारात बसवलेलं सिलिंडरचं कुलूप असेल, तरी सगळं कुलूप काढावं लागत नाही. बऱ्याच कुलपांत दाराच्या कडेला असलेला एक लांब स्क्रू काढला की फक्त सिलिंडर बाहेर येतो आणि नवा बसतो. मालकाला विचारूनच करायचं, जुना सिलिंडर जपून ठेवायचा आणि सोडताना परत लावून द्यायचा.

गेटला सगळ्यांची किल्ली कशी लागते

काही नव्या इमारतींत आपल्या फ्लॅटची किल्ली खालच्या मुख्य दारालाही लागते. लोकांना याचं कौतुक वाटतं, एकाच किल्लीत काम होतं म्हणून. इथं खोलीचं कुलूप साधंच राहतं, गेटचं कुलूप मात्र सैल केलेलं असतं. वीस घरांच्या वीस किल्ल्या चालाव्यात म्हणून त्यात जादा चकत्या घालतात किंवा काही पिनाच काढून टाकतात. त्यामुळं ते गेट वीसच काय, बाहेरच्याही बऱ्याच किल्ल्यांना मान देतं. तिथं कुलपापेक्षा वॉचमन जागा आहे की नाही हे बघावं.

एकाच किल्लीची अनेक कुलपं हा प्रकार गावाकडंही आहेच. एका ट्रॅक्टरची चावी त्याच कंपनीच्या दुसऱ्या ट्रॅक्टरला लागते हे बांधावरच्या पोरालाही माहीत असतं. नांगरटीच्या दिवसात त्याचा उपयोग होतो आणि ट्रॅक्टर चोरीला गेला की तीच गोष्ट अंगाशी येते. इमारतीतल्या लिफ्टच्या दाराला वरच्या बाजूला एक छोटं तिकोनी भोक असतं, तेही असंच. अडकलेल्या माणसाला सोडवायला तिथं ठरावीक तिकोनी किल्ली लागते आणि ती बहुतेक लिफ्टला एकच चालते. माहीत नसलेल्यानं ती वापरू नये. दार उघडलं आणि लिफ्ट त्या मजल्यावर नसली तर समोर मोकळी विहीर असते.

प्रवासाच्या ट्रॉली बॅगेला तीन आकड्यांचं कुलूप असतं आणि शेजारी किल्लीचं भोकही असतं. किल्ली मात्र बॅगेसोबत मिळत नाही. दुकानदाराला विचारलं तर तो खांदे उडवतो. त्यावर लाल रंगाचं चौकटीसारखं चिन्ह आणि ‘टीएसए’ अशी अक्षरं असली, तर ते भोक अमेरिकेतल्या विमानतळावरच्या तपासणी अधिकाऱ्यांसाठी आहे. त्यांच्याकडं त्याची मास्टर किल्ली असते. २०१४ साली या किल्ल्यांच्या जुडग्याचा फोटो तिथल्या एका मोठ्या वर्तमानपत्रात छापून आला. वर्षभरात लोकांनी त्या फोटोवरून थ्रीडी प्रिंटरवर तशाच किल्ल्या बनवल्या आणि त्या चालल्याही.

हे वाचून मोबाईल हातात असलेल्यानं एक गोष्ट लगेच करावी. नव्या घराच्या, नव्या खोलीच्या किल्लीचा फोटो स्टेटसला ठेवला असेल तर काढून टाकावा. पुण्यात फ्लॅट घेतला की किल्ली हातात धरून फोटो काढायची पद्धतच पडली आहे. किल्लीचं सगळं गुपित तिच्या खाचांच्या उंचीत असतं आणि ते फोटोत स्वच्छ दिसतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्येच लांबून, साधारण २०० फुटांवरून काढलेल्या फोटोवरून किल्ली बनवून दाखवली होती. आजचे मोबाईल कॅमेरे तर त्याच्या पुढं गेलेत. फोटो काढायचाच असेल तर किल्लीची खाचांची बाजू मुठीत झाका.

दोघं असल्याशिवाय उघडायचं नाही

आतापर्यंतचा प्रकार म्हणजे अनेकांपैकी कोणीही उघडू शकतो. याच्या अगदी उलट कुलपंही आहेत. त्यात सगळे हजर असल्याशिवाय दार उघडतच नाही.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण बँकेच्या लॉकरचं. आधी बँकेचा माणूस आपली किल्ली फिरवतो, मग खातेदार आपली. बँकेची किल्ली त्या खोलीतल्या सगळ्या लॉकरना लागते, म्हणून तिला मास्टर किल्ली म्हणतात. पण ती एकटी काहीच उघडू शकत नाही. खातेदाराची किल्लीही एकटी उघडू शकत नाही. अविश्वासावरच उभी असलेली ही व्यवस्था आहे आणि म्हणूनच ती टिकली.

तरी गडबड होतेच. कोलकात्यात एका बँकेनं भाडं थकलं म्हणून १९९४ मध्ये एका खातेदाराचा लॉकर फोडला. भाडं तर भरलेलं होतं. त्याच्या म्हणण्यानुसार सात दागिने होते, परत मिळाले दोन. हा दावा लढत लढत सुप्रीम कोर्टात गेला. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी कोर्टानं त्याला ५ लाख रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितली आणि रिझर्व्ह बँकेला लॉकरचे नियम करायला सांगितले. ते नियम १८ ऑगस्ट २०२१ ला निघाले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. सहकारी बँकांनाही ते लागू आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसानं केलेली लबाडी यात लॉकरमधलं गेलं, तर लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत बँक जबाबदार. भाडं २००० असेल तर २ लाखांपर्यंत. सोनं त्याहून जास्त असेल तर ते गेलंच म्हणायचं, याचा विचार ठेवून लॉकर घ्यावा. भूकंप, पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, ही जबाबदारी नाही. लॉकर उघडला की त्याच दिवशी खातेदाराला एसएमएस गेला पाहिजे, हाही नियम आहे. गावाकडच्या अनेक आई-वडिलांचा मोबाईल नंबर बँकेत जुनाच असतो, तो बदलून घ्यावा.

निवडणुकीची मतदान यंत्रं ठेवतात त्या स्ट्राँगरूमलाही दोन कुलपं असतात आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडं असतात. म्हणजे एकट्यादुकट्यानं दार उघडू नये. पण कुलपं दोन असली तरी दार, भिंत आणि पहारा मजबूत लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सासवडच्या तहसील कार्यालयातून प्रशिक्षण-जागृतीसाठी ठेवलेल्या यंत्राचं कंट्रोल युनिट चोरीला गेलं होतं आणि त्यावरून अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली होती. पुरंदरकरांना ते आठवत असेल.

पुरीच्या जगन्नाथ मंदिरातल्या रत्नभांडाराच्या बाहेरच्या खोलीला तीन किल्ल्या लागतात. एक तिथल्या गजपती महाराजांकडं, एक मंदिर प्रशासनाकडं, एक भांडार सांभाळणाऱ्या सेवकाकडं. आतल्या खोलीची किल्ली मात्र सापडत नाही असं २०१८ मध्ये उघड झालं. शेवटी १४ जुलै २०२४ रोजी खोली उघडायला गेले, तर डुप्लिकेट म्हणून सांभाळलेल्या किल्ल्या लागल्याच नाहीत आणि कुलपं तोडावी लागली. तेव्हा डुप्लिकेट नुसती ठेवून भागत नाही, ती चालते का हे अधूनमधून फिरवून बघावं लागतं. विकास सोसायटीच्या तिजोरीची दुसरी किल्ली कुणी शेवटची कधी लावून बघितली होती?

चाकण, भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या पोरांना आणखी एक प्रकार माहीत असेल. मशीन दुरुस्त करायला तीन जण आत शिरले तर वीज बंद करून त्या खटक्यावर एक कात्रीसारखी कडी लावतात. तिला बरीच भोकं असतात. तिघंही आपापलं कुलूप त्यात अडकवतात आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवतात. तिसरा बाहेर येऊन त्याचं कुलूप काढत नाही तोवर खटका वर जाऊच शकत नाही. इथं कोणाचीही मास्टर किल्ली चालू देत नाहीत, कारण आत माणूस असतो.

बाहेरून लावलेलं कुलूप

कुलपाचा विषय निघाला की लोक चोरीचाच विचार करतात. पुण्यात कुलपामुळं जी माणसं गेली ती चोरीत गेली नाहीत.

३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे कोंढव्यात एका बेकरीला आग लागली. काम संपवून कामगार आतच झोपले होते. शटरला कुलूप बाहेरून होतं. सहा जण आतच गेले. पुढं ९ मे २०१९ च्या पहाटे, सासवड रस्त्यावर उरुळी देवाचीला साड्यांच्या दुकानाला आग लागली. तिथंही कामगार आत झोपलेले, दार बाहेरून बंद. पाच जण गेले. सगळी कामासाठी आपलं गाव सोडून आलेली माणसं.

दोन्ही ठिकाणी कुलूप चांगलंच होतं, त्यानं आपलं काम चोख केलं. किल्ली मात्र चुकीच्या बाजूला होती. राष्ट्रीय बांधकाम संहितेत साफ लिहिलंय की बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदाही आहे. पण दुकानदार म्हणतो, पोरं रात्री माल काढतील, फिरायला जातील, म्हणून बाहेरून कुलूप. पोरंही बोलत नाहीत, कारण झोपायची जागा फुकट मिळते आणि खोलीचं भाडं वाचतं.

आपलं पोरगं पुण्यात दुकानात, हॉटेलात, गोदामात कामाला असेल आणि तिथंच झोपत असेल, तर फोनवर जेवलास का विचारताना हेही विचारा : रात्री शटर कोण लावतं, कुलूप आतून की बाहेरून, किल्ली कुठं असते, मागं दुसरं दार आहे का. उत्तर ‘बाहेरून लावून शेठ घरी जातो’ असं आलं, तर शेठशी स्वतः बोला. त्यानं ऐकलं नाही तर तिथं झोपू देऊ नका. महिन्याला दोन-तीन हजार वाचवायला ही पद्धत चालवून घेण्यासारखी नाही.

होस्टेलातही हेच बघायचं. काही होस्टेलांत रात्री दहानंतर जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप लावतात आणि किल्ली वॉर्डनच्या उशाशी असते. वॉर्डन झोपेत असेल, बाहेर गेला असेल तर? गच्चीचं दार बंद असतं, खिडकीला गज असतात. मुलींच्या होस्टेलात सुरक्षेच्या नावाखाली हे जास्त होतं. गेटला रात्री कुलूप हवं हे मान्य, पण एक किल्ली प्रत्येक मजल्यावर ठरलेल्या जागी, काच फोडून घेता येईल अशी असावी. नाहीतर आतून ढकललं की उघडणारं दार बसवावं.

खोली घेताना काय बोलून घ्यायचं

पहिला प्रश्न वर आलाच : किल्ल्या किती आणि कोणाकडे. मास्टर किल्ली असेल तर ती कोण सांभाळतं, रात्री कुठं असते, ती घेतल्याची वहीत नोंद होते का. नोंदवही असलेलं होस्टेल सहसा बरं निघतं, हे अनुभवी पालक सांगतील.

मालक किंवा वॉर्डन खोलीत कधी येऊ शकतो, हे करारात लिहून घ्यावं. आग, पाणीगळती, वीज, आजारपण अशा वेळी कधीही, बाकी वेळी आधी सांगून आणि राहणाऱ्यांपैकी एकजण हजर असताना. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो. कॉट बेसिसवर कुणी एवढं करत नाही हे खरं. मग निदान व्हॉट्सॲपवर तरी मालकाला मेसेज टाकून त्याचा होकार घ्यावा, तो मेसेज राहतो.

दाराला आतून कडी आहे का ते स्वतः लावून बघा, विशेषतः मुलीसाठी खोली घेत असाल तर. आतून कडी लावली की बाहेरची मास्टर किल्ली कुलूप फिरवते, पण दार उघडत नाही. कडी मोडकी असेल तर पहिल्याच दिवशी बदलून मागा. शेजारच्या खोलीतल्या पोरांना सांगून, त्यांच्या समोर आपली किल्ली त्यांच्या दाराला लावून बघायला हरकत नाही. लागली तर मालकाला तिथंच दाखवा.

लॅपटॉप, पैसे, मूळ कागदपत्रं यांच्यासाठी आत छोटं लोखंडी कपाट किंवा ट्रंक आणि तिला आपलं वेगळं लीव्हरचं कुलूप. त्याची किल्ली खोलीच्या किल्लीसोबत एकाच जुडग्यात ठेवायची नाही, आणि जुडग्याला खोली नंबर, होस्टेलचं नाव लिहिलेलं लेबल लावायचं नाही. हरवलेलं जुडगं ज्याला सापडेल त्याला पत्ता आयता मिळतो.

नव्या होस्टेलांत आता कार्डाची किंवा बोटाच्या ठशाची कुलपं येतायत. त्यात एक फायदा खरा आहे, दार कधी कोणत्या कार्डानं उघडलं याची नोंद राहते आणि हरवलेलं कार्ड बंद करता येतं. धातूची मास्टर किल्ली हरवली तर सगळ्या इमारतीचे सिलिंडर बदलायला लागतात. पण कार्डालाही पूर्ण भरवसा नाही. मार्च २०२४ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की जगभरातल्या १३१ देशांत हॉटेलांना बसवलेल्या एका प्रकारच्या सुमारे ३० लाख कुलपांना बनावट कार्डानं उघडता येतं. आणि वीज गेल्यावर, बॅटरी उतरल्यावर ते कुलूप काय करतं, उघडं राहतं की बंद, हे खोली घेतानाच विचारून ठेवा.

परवानगीशिवाय कोणी खोलीत शिरलंय असं वाटलं, सामान हललेलं दिसलं, तर हात न लावता आधी मोबाईलवर फोटो काढा, मालकाला लेखी कळवा आणि काही गेलं असेल तर जवळच्या चौकीत तक्रार द्या. घाबरण्यासारखा प्रसंग असेल तर ११२, आग असेल तर १०१. हे दोन नंबर पोराच्या मोबाईलमध्ये नुसते असून चालत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या मालकाचा, वॉर्डनचा आणि रात्री ज्याच्याकडं गेटची किल्ली असते त्या माणसाचा नंबर गावाकडं आई-वडिलांच्या मोबाईलमध्येही सेव्ह असावा. एसटीत बसायच्या आधी त्या नंबरवर एक मिस्ड कॉल देऊन बघा, लागतो का ते.